१० मायक्रॉनचा द्रवस्फटिक थर आणि न जुळणारा आकडा

खानदेशी भिंग
सोमवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी,

गेले पाच महिने द्रवस्फटिकाच्या पातळ थरांवर काम करतोय. एम.एस्सी.चा प्रकल्प आहे आणि एका आकड्यापाशी गाडी अडली आहे, म्हणून हा धागा. ज्यांचा हा विषय नाही त्यांनाही वाचता यावं म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

पदार्थ आहे ५सीबी. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांच्या गटाने १९७३ साली सायनोबायफिनाइल नावाचं रसायनांचं कुटुंब जगापुढे आणलं, त्यातला हा. बाटलीत दुधाळ दिसतो. साधारण २४ अंशांना वितळतो आणि ३५ अंशांना एकदम पाण्यासारखा नितळ होतो. या दोन तापमानांच्या मध्ये तो नेमॅटिक असतो, म्हणजे वाहतो द्रवासारखा, पण त्याचे काडीसारखे लांबट रेणू सगळे साधारण एकाच दिशेला तोंड करून असतात. त्यामुळे प्रकाशाला त्यातून जाताना दोन वेगळे अपवर्तनांक भेटतात. रेणूंच्या दिशेत कंप पावणाऱ्या प्रकाशाला सुमारे १.७१, त्याला काटकोनात कंप पावणाऱ्याला सुमारे १.५३. या दोहोंतला फरक म्हणजे द्विअपवर्तन. पुस्तकात २५ अंशांना, सोडियमच्या पिवळ्या प्रकाशासाठी तो ०.१८ च्या आसपास दिलेला आहे.

मी काय केलं? आयटीओचा विद्युतवाहक लेप असलेल्या दोन काचा घेतल्या, त्यांवर पीव्हीएचा पातळ थर चढवला आणि मखमलीच्या कापडाने एकाच दिशेने घासला. घासलेल्या दिशेत रेणू आडवे झोपतात. दोन काचांमध्ये १० मायक्रॉन जाडीच्या मायलरच्या पट्ट्या ठेवून कडा चिकटवल्या. या जोडीला आम्ही सेल म्हणतो. ५सीबी गरम करून, नितळ अवस्थेत असतानाच, एका कडेला थेंब सोडला की केशाकर्षणाने आपोआप आत ओढला जातो. (आमच्याकडे जळगावला एप्रिलच्या दुपारी यासाठी हॉटप्लेटही लागली नाही. प्रयोगशाळेतच ४१ अंश होते.)

मग मायक्रोस्कोप. खाली पोलरायझर, म्हणजे प्रकाशाचं एकाच दिशेतलं कंपन पुढे सोडणारी गाळणी. वर त्याला काटकोनात तशीच दुसरी, ॲनलायझर. मध्ये काही नसेल तर काळोख. सेल ठेवून स्टेज फिरवली की एका फेरीत चार वेळा उजेड, चार वेळा अंधार. ज्या दिवशी पहिल्यांदा सेल व्यवस्थित जमला आणि सगळं क्षेत्र एकसाथ काळं झालं, त्या दिवशी मी अर्धा तास नुसती स्टेज फिरवत बसलो होतो.

अंधाराच्या जागेपासून ४५ अंशांवर सेल ठेवायचा, की दोन्ही घटक सारखे होतात. एक घटक दुसऱ्याच्या मागे किती पडतो ते रिटार्डेशन. रिटार्डेशन म्हणजे द्विअपवर्तन गुणिले थराची जाडी, इतका साधा हिशोब. सोडियमचा दिवा, त्याच्याच तरंगलांबीची पाव-तरंग पट्टी आणि फिरता ॲनलायझर, म्हणजे सेनारमाँ पद्धत वापरून मी ते मोजलं.

आलं २३९० नॅनोमीटर. जाडी १० मायक्रॉन, म्हणजे द्विअपवर्तन ०.२३९. पुस्तक म्हणतं ०.१८. तीन वेळा मोजलं, तीनही वेळा तेच. तापमान २५ अंश, स्टेजवर कायम ठेवलेलं.

कुठे चुकतंय?


मनीमाऊ
सोमवार, रात्री १०.५२

विषय अजिबात माझा नाही, पण स्टेज फिरवण्याचं वर्णन वाचून राहवलं नाही. एक शंका. १० मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी. एवढ्याशा थरातून आरपार जाताना प्रकाशाला असं काय होतं की ते मोजता यावं?


पाषाणवेडा
सोमवार, रात्री ११.३०

मनीमाऊ, याचं उत्तर मी देतो. आयुष्यभर दख्खनचा बेसाल्ट मायक्रोस्कोपखाली पाहिला, विद्यार्थ्यांना दाखवला.

आम्ही खडकाचा काप घासून घासून ३० मायक्रॉनचा करतो. बेसाल्टमधलं प्लॅजिओक्लेज हे पांढरं खनिज घ्या. त्याचं द्विअपवर्तन ०.००९ च्या आसपास. ३० मायक्रॉनने गुणलं की २७० नॅनोमीटर. प्रकाशाच्या एका तरंगाच्या निम्मं. एवढ्यावर ते काळ्या क्षेत्रात राखाडी-पांढरं चमकतं, आणि त्याच्या जुळ्या स्फटिकांचे पट्टे असे उठून दिसतात की पहिल्यांदा पाहणारं पोर डोळा काढत नाही.

आता ५सीबीचा ०.१८ पाहा. प्लॅजिओक्लेजच्या वीसपट! म्हणजे तोच राखाडी-पांढरा रंग दाखवायला त्याचा दीड मायक्रॉन थर पुरतो. म्हणून एवढा पातळ थरही प्रकाशाला चांगलाच जाणवतो. प्रकाशाची फूटपट्टी म्हणजे त्याची तरंगलांबी, अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासची. १० मायक्रॉन तिच्यापुढे लहान नाहीत.

आणखी एक. रंगावरून रिटार्डेशन ओळखायचा जो तक्ता आम्ही वापरतो तो मिशेल-लेव्ही या फ्रेंच भूशास्त्रज्ञाचा, १८८८ सालचा. द्रवस्फटिकांची गोष्टही त्याच वर्षी सुरू झाली. प्राग शहरात राइनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरिल बेंझोएट दोनदा वितळताना दिसलं. १४५.५ अंशांना त्याचा गढूळ द्रव झाला आणि १७८.५ अंशांना तो नितळ झाला. त्याने नमुने लेमान या भौतिकशास्त्रज्ञाकडे पाठवले, कारण लेमानकडे तापवता येणारी स्टेज असलेला ध्रुवित प्रकाशाचा मायक्रोस्कोप होता. त्या गढूळ द्रवातून त्याला क्रॉस्ड पोलरायझरमध्ये उजेड दिसला. साध्या द्रवातून तो दिसायला नको होता. तेव्हा हा विषय जन्मला तोच तुमच्या या उपकरणाखाली.

खानदेशी भिंग, तुमच्या सेलचा पांढऱ्या प्रकाशातला रंग कोणता दिसतो?


खानदेशी भिंग
मंगळवार, सकाळी ७.०५

सर, फिकट. गुलाबीसर, कडेला हिरवट छटा. तक्त्याशी ताडून मी ऑर्डर, म्हणजे रिटार्डेशनमध्ये किती पूर्ण तरंगलांब्या बसतात तो आकडा, ठरवला.


ध्रुवतारा
मंगळवार, सकाळी ९.४०

धागा आवडला. मी बेंगळुरूला याच विषयात काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तापमानाचा संशय आधी निकालात काढू. ५सीबी तापवला की रेणूंची शिस्त मोडत जाते आणि द्विअपवर्तन कमी होतं. ३५ अंशांजवळ तर झपाट्याने. पदार्थ अशुद्ध असला तरी बहुतेक वेळा परिणाम त्याच दिशेचा असतो, कारण नितळ होण्याचं तापमानच खाली येतं. तुमचा आकडा जास्त आला आहे. म्हणजे तापमान आणि अशुद्धी दोन्ही संशयितांना वाट उलटी आहे.

खरा संशय ऑर्डरवर. सेनारमाँ पद्धत तुम्हाला फक्त अपूर्णांक देते. २३९० ला ५८९ ने भागा: ४.०६. यातला .०६ तुम्ही मोजलात, आणि ४ हा तक्त्यावरून अंदाजाने धरलात. दोन हजार नॅनोमीटरच्या पुढे रंग इतके फिकट होतात की एका ऑर्डरचा गुलाबी दुसऱ्या ऑर्डरच्या गुलाबीशेजारी ठेवला तर मला आजही सांगता यायचं नाही.

आता ४ च्या जागी ३ धरून बघा. ३.०६ गुणिले ५८९, म्हणजे साधारण १८००. भागिले १० मायक्रॉन, ०.१८०.


घड्याळजी
मंगळवार, सकाळी ९.५८

मिळालं की मग! पुस्तकातला आकडा तंतोतंत. ताई, मानलं.


खानदेशी भिंग
मंगळवार, सकाळी १०.२०

ताई, खूप आभार. रात्रभर झोप नव्हती. ऑर्डर ३ धरून अहवालात ०.१८० लिहितो.


ध्रुवतारा
मंगळवार, सकाळी १०.३१

थांबा. लिहू नका.

मी फक्त एक शक्यता दाखवली. आकडा पुस्तकाशी जुळतो हे ऑर्डर ३ असण्याचं कारण होऊ शकत नाही. तुम्ही तसं केलंत तर मोजमाप तुम्ही केलंच नाही, पुस्तकातून उतरवून घेतलं असं होईल. ऑर्डर मोजायची पद्धत आहे आणि तुमच्याकडे आयटीओच्या काचा आहेत, म्हणजे ती तुम्हाला आजच करता येईल.

सेलला १ किलोहर्ट्झचा एसी व्होल्टेज द्या. डीसी देऊ नका, आतले आयन काचांकडे सरकून सगळं बिघडवतात. ५सीबीचे रेणू विद्युत क्षेत्राच्या दिशेत उभे राहू पाहतात. काचेने त्यांना आडवं धरून ठेवलेलं असतं, त्यामुळे एका ठराविक व्होल्टेजपर्यंत काहीच हलत नाही, आणि ते ओलांडलं की मधले रेणू उठू लागतात. हे फ्रेडरिक्स संक्रमण. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात रशियात फ्रेडरिक्स यांनी यावर मूळ काम केलं. रेणू उभे होत गेले की खालून येणाऱ्या प्रकाशाला ते टोकाकडून दिसतात आणि रिटार्डेशन शून्याकडे उतरत जातं.

सोडियमच्या दिव्यात, ४५ अंशांवर सेल ठेवून, व्होल्टेज शून्यापासून हळूहळू २० पर्यंत न्या. रिटार्डेशन तरंगलांबीच्या पूर्ण पटीत असेल तेव्हा अंधार, साडेतीन, अडीच, दीड, अर्धा अशा पटीत असेल तेव्हा लख्ख उजेड. सुरुवात ४.०६ पासून असेल तर खाली उतरताना चार वेळा उजेड येईल. ३.०६ पासून असेल तर तीन वेळा. शेवटचा उजेड सरला की हळूहळू काळोख होत जाईल.

चार की तीन, एवढंच मोजून सांगा. आणि पहिली हालचाल कोणत्या व्होल्टेजला झाली तेही टिपून ठेवा. त्याचं काम पुढे पडेल.


शाळामास्तर
मंगळवार, दुपारी १.१५

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. आम्ही सिंधुदुर्गात आठवी-नववीच्या मुलांना ध्रुवित प्रकाश दाखवतो. लॅपटॉपची एलसीडी स्क्रीन पांढरी करून ठेवायची, तिच्यातून निघणारा प्रकाश आधीच ध्रुवित असतो. जुन्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची पोलरायझरची फिल्म सोलून डोळ्यापुढे धरायची. मध्ये काचेवर चिकटपट्टीचे एकावर एक थर लावून पायऱ्या करायच्या. प्रत्येक पायरीचा रंग वेगळा. सेलोफेनची चिकटपट्टी असली तर झकास दिसतं, कारण कारखान्यात ती ओढून ताणलेली असते आणि तिच्या आतल्या साखळ्या एका दिशेला लागतात.

वरचं सगळं वाचताना लक्षात आलं की माझ्या मुलांच्या पायऱ्या म्हणजे पाषाणवेडा सरांचा तक्ताच आहे. उद्या थर वाढवत नेऊन बघतो, किती थरांनंतर रंग फिकटतात ते.


पाषाणवेडा
मंगळवार, दुपारी २.४०

जरूर करा मास्तर. पायऱ्या उलट्या दिशेने, आधीच्या पट्टीला आडव्या लावल्या की रंग मागे जातात तेही दाखवा. एका थराने केलेलं दुसरा फेडतो. आम्ही क्वार्ट्झ वेज, म्हणजे क्वार्ट्झची पाचर, आत सरकवून हेच करतो. खानदेशी भिंग यांनाही मी तीच सुचवणार होतो, पण आमच्या वेजची मजल चौथ्या ऑर्डरच्या आसपास संपते.


ध्रुवतारा
मंगळवार, दुपारी ३.०५

सर, आणि वेज पुरली असती तरी मी इथे जपून वापरली असती. क्वार्ट्झचं आणि ५सीबीचं द्विअपवर्तन रंगानुसार वेगवेगळ्या प्रमाणात बदलतं. निळ्या प्रकाशाला ५सीबी फारच जास्त फरक दाखवतो. त्यामुळे पांढऱ्या प्रकाशात जो पट्टा काळा म्हणून आपण शून्य धरतो, तो खरा शून्य असेलच असं नाही. खनिजांत हा त्रास सहसा एवढा जाणवत नाही.


दूरदेशी
मंगळवार, रात्री ८.२०

कोलोरॅडोहून वाचतोय. इथे स्मेक्टिक द्रवस्फटिकांचे काच नसलेले थर करतात, म्हणजे साबणाच्या फुग्यासारखी पातळ त्वचा एका छिद्रावर ताणून धरायची. स्मेक्टिकमध्ये रेणू थरांत रचलेले असतात, एकेक थर साधारण तीन नॅनोमीटर जाडीचा. अशी त्वचा दोन-तीन थरांचीही राहू शकते, आणि किती थर आहेत हे प्रकाश परावर्तित होण्यावरून मोजतात. त्वचा खूप पातळ असेल तर परावर्तित प्रकाश थरांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन थरांपेक्षा तीन थरांची जागा सव्वादोनपट उजळ. मायक्रोस्कोपखाली पायऱ्यापायऱ्यांनी उजळत गेलेली बेटं दिसतात आणि मधली कुठलीच छटा नसते, कारण अडीच थर असूच शकत नाहीत.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला गलबलून आलं होतं. रेणू न दिसता रेणूंचे थर मोजता येतात हे वाचणं वेगळं आणि बघणं वेगळं.


खानदेशी भिंग
बुधवार, रात्री ९.१०

आज दिवसभर मोजलं.

चार. चार वेळा उजेड आला. दोन वेगळ्या जागी, चढत्या आणि उतरत्या व्होल्टेजने, सहा वेळा केलं. प्रत्येक वेळी चार. शेवटचा उजेड गेल्यावर २० व्होल्टपर्यंत काळोख वाढत गेला, पाचवा आला नाही.

म्हणजे ऑर्डर ४ बरोबर होता आणि २३९० खरा आहे. काल जर ०.१८० लिहिलं असतं तर चुकीच्या कारणाने बरोबर आकडा लिहून बसलो असतो.

पहिली हालचाल ०.७८ व्होल्टला.

आता खरंच कळत नाही.


ध्रुवतारा
बुधवार, रात्री ९.४५

छान काम केलंत. आता तो ०.७८ बघू.

फ्रेडरिक्सच्या उंबरठ्याचं सूत्र असं: पाय (३.१४) गुणिले वर्गमूळ. वर्गमूळाच्या आत वर पदार्थाचा स्प्ले (रेणू पंख्यासारखे फाकणं) स्थितिस्थापकत्वाचा स्थिरांक, खाली विद्युत पारगम्यतेतला फरक. ५सीबीसाठी पहिला सुमारे ६ पिकोन्यूटन, दुसरा सापेक्ष मूल्यात ११-१२. हिशोब करा, पाऊण व्होल्टच्या किंचित वर येतं. तुमचा ०.७८ त्यात चपखल बसतो.

आणि या सूत्रात जाडी नाही! सेल ५ मायक्रॉनचा असो की ५० चा, उंबरठा तेवढाच. जाड थराला क्षेत्र कमी लागतं, पण ते क्षेत्र जास्त अंतरावर द्यावं लागतं, दोन्ही एकमेकांना खातात.

म्हणजे बघा. जाडीवर अवलंबून नसलेलं मोजमाप पुस्तकाशी जुळलं. जाडीवर अवलंबून असलेलं जुळलं नाही. पदार्थ ठीक आहे, दिवा ठीक आहे, ऑर्डर ठीक आहे. तुमच्या सेलची जाडी १० मायक्रॉन आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?


खानदेशी भिंग
बुधवार, रात्री ९.५२

मायलरच्या पाकिटावर लिहिलंय…


ध्रुवतारा
बुधवार, रात्री १०.०४

ते मायलरच्या पट्टीचं झालं. सेलचं नाही. पट्टी आणि काच यांच्यामध्ये गोंद शिरतो, काच कापताना उडालेली कण-कपची अडकते, क्लिप कमीजास्त दाबते. रिकामा सेल भरण्याआधी मोजणं ही माझ्या मते या कामातली पहिली पायरी आहे, आणि घाईत तीच गाळली जाते. आमच्याकडे नवीन विद्यार्थी आला की पहिले पंधरा दिवस तो फक्त रिकामे सेल बनवतो आणि मोजतो.


घड्याळजी
बुधवार, रात्री १०.३०

यात मलाही थोडं कळतं. डिजिटल घड्याळं दुरुस्त करायचो. तिथे तर थराच्या जाडीवरच सगळं. वरची आणि खालची काच काटकोनात घासलेली असते, रेणू जिन्यासारखे नव्वद अंश वळत जातात आणि प्रकाशाची दिशाही आपल्याबरोबर वळवत नेतात. स्वस्तातल्या पडद्यांना बाजूने रंगाची झाक येते ती काचांमधलं अंतर नीट नसल्याने का?


ध्रुवतारा
बुधवार, रात्री १०.४८

बाजूने येणाऱ्या झाकेला मुख्य कारण वेगळं आहे, तिरप्या प्रकाशाला रेणू वेगळ्या कोनातून भेटतात. पण समोरून बघताना काळा पुरेसा काळा नसेल तर जाडी नक्की तपासावी. प्रकाश असा वळून येतो हे मोगँ यांनी १९११ मध्येच दाखवलं होतं, पण थर पुरेसा जाड असेल तरच ते पूर्ण खरं. पातळ थरात प्रकाश थोडा लंबवर्तुळी होऊन बाहेर पडतो. गूच आणि टॅरी यांनी १९७५ च्या सुमारास दाखवलं की द्विअपवर्तन गुणिले जाडी हे तरंगलांबीच्या ०.८६६ पट ठेवलं तर पातळ थरातही तो नेमका सरळ होऊन निघतो. हिरव्या प्रकाशासाठी हे साधारण ४७६ नॅनोमीटर होतं. म्हणून घड्याळातला थर हवा तसा ठेवून चालत नाही.


खानदेशी भिंग
बुधवार, रात्री ११.१०

पण आता सेल भरलेला आहे. रिकामा कसा मोजू? फोडून धुवायचा का?


दूरदेशी
गुरुवार, सकाळी ६.४०

फोडू नका! एखाद्या कोपऱ्यात हवा राहिली आहे का बघा. भरताना बुडबुडा अडकला असेल तर तेवढा भाग अजून रिकामाच आहे.


खानदेशी भिंग
गुरुवार, सकाळी ७.१५

आहे! डाव्या खालच्या कोपऱ्यात, दोन मिलिमीटरचा. त्यामुळे हा सेल खराब म्हणून मी बाजूलाच ठेवणार होतो.


ध्रुवतारा
गुरुवार, सकाळी ८.३०

उत्तम. ॲनलायझर काढा. बुडबुड्यातून पांढरा प्रकाश सरळ, लंबरेषेत जाऊ द्या आणि स्पेक्ट्रोमीटरवर बघा. दोन काचांच्या आतल्या पृष्ठभागांमध्ये प्रकाश मागे-पुढे परावर्तित होतो, त्याने वर्णपटात लाटा उमटतात. दोन शिखरं निवडा, त्यांच्यामध्ये किती लाटा ते मोजा. लाटांची संख्या गुणिले दोन्ही तरंगलांब्यांचा गुणाकार, भागिले त्यांच्या फरकाची दुप्पट. हीच जाडी. आत हवा आहे म्हणून अपवर्तनांक १, त्याचा प्रश्न नाही.

कोपऱ्यातली जाडी आणि मध्यभागातली जाडी सारखी नसेल, हे धरून चाला. म्हणून रिटार्डेशनही बुडबुड्याच्या अगदी कडेला लागून पुन्हा मोजा. एकाच जागेचे दोन्ही आकडे हवेत.


पाषाणवेडा
गुरुवार, सकाळी ९.००

सकाळपासून तीनदा धागा उघडून बघितला. लवकर कळवा.


खानदेशी भिंग
गुरुवार, संध्याकाळी ६.२५

५२८ नॅनोमीटरला एक शिखर, ६६० ला एक. त्यांच्यामध्ये बरोबर १० लाटा.

१० × ५२८ × ६६० भागिले २ × १३२. म्हणजे १३,२०० नॅनोमीटर. १३.२ मायक्रॉन!

बुडबुड्याच्या कडेला रिटार्डेशन मध्यभागापेक्षा थोडं जास्त आलं, २४१० नॅनोमीटर. भागिले १३,२००: ०.१८३.

ताई, पुस्तक न उघडता आलेला ०.१८३. मी तो वहीत लिहिला आणि खाली तारीख टाकली.

दुपारी सेल तिरका धरून कडेने भिंगातून पाहिलं. मायलरच्या पट्टीच्या खालीवर दोन्हीकडे गोंदाची रेघ दिसते. मी आधी पट्टीला गोंद लावून मग काच ठेवत होतो.


मनीमाऊ
गुरुवार, संध्याकाळी ६.५०

मला निम्म्या गोष्टी कळल्या नाहीत, पण १३.२ वाचून मी ऑफिसात टाळ्या वाजवल्या.


ध्रुवतारा
गुरुवार, रात्री ८.१५

अभिनंदन, मनापासून. मला आणखी एका गोष्टीचा आनंद आहे. तुमच्याकडे आता व्होल्टेजनुसार रिटार्डेशनची पूर्ण मालिका आहे. उंबरठ्यावरून स्प्लेचा स्थिरांक निघतो, आणि उंबरठ्याच्या पुढे वक्र कसा उतरतो त्यावरून बेंडचा, म्हणजे रेणूंची रांग वाकण्याचा. एकाच सेलमधून, त्याला हात न लावता, फक्त प्रकाशाने. प्रकल्पाचा अर्धा भाग तयार आहे.

पुढच्या सेलसाठी: गोंद पट्टीच्या बाहेरच्या बाजूने, काचा क्लिपमध्ये दाबून झाल्यावर लावा. दाबताना सोडियमच्या दिव्याखाली धरा. रिकाम्या सेलमध्ये काळे-पिवळे पट्टे दिसतील. शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये जाडी २९५ नॅनोमीटरने बदलते. पट्टे जितके रुंद आणि कमी, तितक्या काचा समांतर. क्लिपा कमीजास्त करून पट्टे पांगवायचे आणि मग गोंद.

बेंगळुरूत या कामाची परंपरा जुनी आहे. चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक १९७७ मध्ये रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर यांच्या गटाने पहिल्यांदा ओळखले. त्याच गावात, त्याआधी वीस वर्षं, पंचरत्नम यांनी ध्रुवित प्रकाशाच्या कलेबद्दल (फेजबद्दल) जे लिहिलं ते आज द्रवस्फटिकांच्या सपाट भिंगांत वापरलं जातं. इथे यायचं झालं तर कळवा, प्रयोगशाळा दाखवेन.


खानदेशी भिंग
शनिवार, दुपारी ४.०५

धागा वर काढतोय.

नवीन सेल केला. सोडियमखाली सुरुवातीला अकरा पट्टे होते, क्लिपा फिरवत दोनवर आणले. भरण्याआधी पाच ठिकाणी जाडी मोजली, १०.३ ते १०.५ मायक्रॉन. भरला, रिटार्डेशन १८९० च्या आसपास. व्होल्टेजने उजेड मोजले, या वेळी तीन.

आज दुपारी वीज गेली. स्टेजचं तापमान नियंत्रण बंद पडलं, खोली ३९ अंशांवर. मायक्रोस्कोपचा बल्ब इन्व्हर्टरवर होता म्हणून डोळा लावून बसलो. रंग एकेक करून सरकत गेले, गुलाबी, हिरवा, पुन्हा गुलाबी. मग एका कडेने काळे गोल ठिपके उमटू लागले, मोठे होत एकमेकांत मिसळले आणि सगळं क्षेत्र काळं झालं. वीस मिनिटांनी वीज आली, स्टेज गार होऊ लागली आणि त्या काळ्यात पहिला उजळ थेंब दिसला.

शाळामास्तर, तुमच्या मुलांना हे दाखवायला सेल घेऊन येऊ का? मे महिन्यात कोकणात यायचंच आहे.


शाळामास्तर
शनिवार, दुपारी ४.३०

या! पण आमच्याकडे मेमध्ये पारा ३५ च्या आगेमागेच असतो. तापवायला काय आणू, गरम पाण्याची पिशवी चालेल?


खानदेशी भिंग
शनिवार, दुपारी ४.३३

पिशवी नको, मुलांचे तळहात पुरतील. त्वचा ३३-३४ अंशांची असते, म्हणून सेल मुठीत घट्ट धरून ठेवायला सांगू. मूठ उघडली की लगेच फिल्मखाली.